‘बेंचवर बसणं म्हणजे करिअर नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना

परवा पंजाबच्या बास्केटबॉलपटू सतनाम सिंगवर लिहिलं, ज्याला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, एका टीमने निवडलं होतं, त्याखाली वाशीच्या एका वाचकांची कमेंट आलीय. आहे तशी इथे देतो, नाहीतर नंतर म्हणाल अर्धीच दाखवली. "काका, एकही एनबीए मॅच न खेळलेल्या माणसाचं एवढं कौतुक? बेंचवर बसणं म्हणजे करिअर नाही. पहिला भारतीय वंशाचा एनबीए प्लेअर तो नाहीच, आधी चेक करत जा. डोपिंगवर एक शब्द नाही. शेवटी कुस्तीच्या शोमध्येच गेला ना? घरी बसून असले हीरो बनवणं सोपं आहे."

आधी चूक मान्य करतो. मी ‘पहिला’ लिहिलं होतं ते चुकलंच. सिम भुल्लर हा कॅनडात जन्मलेला, पंजाबी आईवडिलांचा मुलगा, सॅक्रामेंटो किंग्जकडून एप्रिल 2015 मध्ये कोर्टवर उतरला, म्हणजे सतनामच्या ड्राफ्टच्या आधी (ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या टीम दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम). सतनाम हा भारतात जन्मून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला. वाक्य दुरुस्त केलंय, खाली तशी नोंदही टाकलीय. तुमच्यामुळे झालं, आभार.

पण हेच ‘अहो, इथे एक चूक दिसतेय’ असं नाही का लिहिता येत? ‘आधी चेक करत जा’ हे काय असतं? मी दहा वर्षं इथे लिहितोय, चूक दाखवणाऱ्या कोणालाही मी कधी तोडलेलं नाही. आणि ते ‘काका’. माझं वय बावन्न आहे, मला शेजारची पोरं काका म्हणतात ते मला आवडतं, पण तुम्ही ते ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला ओळखू येतो. घरी बसून म्हणे! मी संध्याकाळी साडेपाचला ठाण्याहून ऐरोलीला जातो आणि अंधार पडेपर्यंत कोर्टवर उभा असतो, आठवड्यातले पाच दिवस, फी न घेता. तुम्ही मला ओळखत नाही, मग मी कुठे बसून लिहितो हे तुम्हाला कुणी सांगितलं?

डोपिंगचं म्हणाल तर 2019 ला भारतीय टीमच्या कॅम्पमध्ये त्याची टेस्ट झाली, पुढे दोन वर्षांची बंदी आली, हे मला माहीत आहे, लेखाचा विषय तो नव्हता एवढंच. कुस्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. माणसाला पोट असतं.

आता तुमचं ते वाक्य. बेंचवर बसणं म्हणजे करिअर नाही. हे मला दोन दिवस टोचतंय.

बल्लो के हे बर्नाला जिल्ह्यातलं छोटंसं गाव. तिथला शेतकऱ्याचा मुलगा, स्कॉलरशिप मिळाली म्हणून 2010 मध्ये फ्लोरिडाला ब्रॅडेंटनच्या अकॅडमीत गेला तेव्हा पंधराचाही नव्हता आणि इंग्रजी जवळपास येत नव्हतं. वडील बलबीर सिंग स्वतः अफाट उंच, पण त्यांना त्यांच्या वडिलांनी खेळू दिलं नाही, शेती बघ म्हणाले. त्या घरातला मुलगा पाच वर्षांनी, 25 जून 2015 ला, ब्रुकलिनच्या ड्राफ्टमध्ये 52 व्या नंबरला डॅलस मॅव्हरिक्सने घेतला. मला आठवतंय, आपल्याकडे 26 ची सकाळ होती, मी ठाणे स्टेशनला फास्ट लोकलसाठी उभा होतो, फोनवर बातमी आली आणि मी ती लोकल सोडली कारण मला कुणाला तरी फोन करायचाच होता.

आणि तुम्ही विचारता पुढे काय झालं. पुढे काय होतं हे बघा ना जरा. ड्राफ्टमध्ये दोन राउंड, एकूण 60 नावं. पहिल्या राउंडच्या पोरांना गॅरंटीड कॉन्ट्रॅक्ट, दुसऱ्या राउंडला तशी काही हमी नाही. 30 टीम, प्रत्येकी 15 जागा, म्हणजे सगळ्या जगातून 450 माणसं, आणि त्यातले बहुतेक आधीच बसलेले. आज टू-वे कॉन्ट्रॅक्ट असतं, म्हणजे खालच्या लीगमध्ये खेळत खेळत वरच्या टीमबरोबर पण जाता येतं, पण ते सुरू झालं 2017-18 च्या सीझनला. सतनामच्या वेळी ही मधली पायरीच नव्हती. एकतर वर नाहीतर डी-लीग, म्हणजे एनबीएचीच खालची लीग. तो गेला टेक्सस लेजंड्सला, म्हणजे डॅलसच्याच खालच्या टीमला, तिथेही त्याला मिनिटं कमीच मिळाली, हे मी लपवलेलं नाही. आणि पैसे? 2016-17 ला डी-लीगचा वरच्या ग्रेडचा पगार अख्ख्या सीझनला 26 हजार डॉलर, खालच्याचा 19 हजार. अमेरिकेत. त्यात त्याने दोन सीझन काढले, मग इथे परत आला, 2018 च्या कॉमनवेल्थ गेम्सला भारताकडून खेळला, मग कॅनडात न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स एजकडून खेळायला गेला. ह्याला करिअर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं मला सांगा.

बाहेर खेळणं म्हणजे बहुतेकांसाठी हेच असतं हो. आपल्या भारतीय टीमचे अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग जपानला टोकियो एक्सलन्समध्ये होते, मग अमृतपाल 2017-18 ला ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जला आणि अमज्योत अमेरिकेतल्या त्याच खालच्या लीगमध्ये, ओक्लाहोमा सिटी ब्लूला. आपली गीतू अॅना जोस मेलबर्नला रिंगवूडकडून खेळली आणि 2011 ला डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या लीगच्या, ट्रायआउटला गेली, तेव्हा आपल्याकडे किती पेपरांनी छापलं ते आठवा. ह्यातल्या कोणाचंही पोस्टर तुमच्या भिंतीवर नसणार, मान्य. एक वर्ष ह्या देशात, एक वर्ष त्या देशात, कॉन्ट्रॅक्ट संपलं की बॅग भरायची. तुम्हाला फक्त टीव्हीवर दिसणारा दिसतो.

आणि बेंच म्हणजे काय ते मला माहीत आहे. 1991 ला मी ठाण्याच्या ज्युनियर टीममध्ये होतो आणि नागपाड्याला एक टुर्नामेंट होती. जांभळी नाक्याजवळच्या टेलरकडून बनियनवर पांढऱ्या कापडाचा 12 नंबर शिवून घेतला होता, त्याचा एक कोपरा सारखा उसवायचा. तीन मॅच मी एक मिनिटही खेळलो नाही. तिसऱ्या मॅचला समोरच्यांचा नऊ नंबर आमची पार वाट लावत होता. मी दोन दिवस बसून त्यालाच बघत होतो, त्याचं मला पाठ झालं होतं, उजव्या हाताने ड्रिबल करत आत आला की तो एकदा डावा खांदा पाडायचा आणि मग प्रत्येक वेळी उजवीकडूनच लेअपला, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळून बॉल टाकायला, जायचा. टाइमआउटमध्ये सर पोरांना पाणी देत होते तेव्हा मी घाबरत घाबरत हे त्यांना सांगितलं. सर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी आमच्या गार्डला सांगितलं, खांदा पडला की आधीच उजवीकडे जाऊन उभा राहा. लागोपाठ दोनदा बॉल काढून घेतला पोराने. मॅच आम्ही चार पॉइंटने जिंकलो. स्कोअरशीटवर माझ्या नावासमोर नुसती रेघ आहे, आणि त्या रात्री परतीच्या लोकलमध्ये सरांनी मला स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं. चौतीस वर्षं झाली.

अरे, तू कधी बसलायस का असा? घाम न येता अख्खी मॅच, बूट बांधून, कोणत्याही क्षणी नाव घेतील म्हणून पाय हलवत? माफ करा, एकेरीवर आलो. पण राग येतो.

तुम्ही म्हणाल ठाणे कुठे आणि टेक्सस कुठे. बरोबर आहे. म्हणूनच सांगतोय, ठाण्याच्या बेंचवर मला एवढं जड गेलं तर तिकडे, घरापासून तेवढ्या लांब, त्याला काय झालं असेल.

आणि राग यायचं खरं कारण वेगळंच आहे. ऐरोलीला माझ्याकडे एक मुलगा येतो, चौदाचा, सहा फूट तीन, ठाण्यात त्याच्या मापाचे बूट मिळत नाहीत म्हणून मामाने बाहेरून आणलेले घालतो. तो माझा ब्लॉग वाचतो. काल वॉर्मअप झाल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, सर, त्या कमेंटमध्ये लिहिलंय ते खरं आहे का, तो काहीच करू शकला नाही का. मला दोन मिनिटं उत्तर सुचेना. मी त्याला म्हटलं, जा, पन्नास फ्री थ्रो मार. त्याने मारले, एकतीस आत गेले, आणि तो मला आकडा सांगायला आला तेव्हा मी त्याला 52 व्या नंबरचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, उशीर झाला, त्याच्या आईचा फोन आला.

तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. ह्यावर उत्तर लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त तो मुलगा वाचतो हे लक्षात ठेवून लिहा.