सूज तेवढीच, ईएसआरही तेवढाच, मग डीएएस का चढला?

आरएच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या पेशंटचा डीएएस-२८ (आजार किती तीव्र आहे ते मोजणारा स्कोअर) वाढला की लगेच औषध बदलायचं, हे मला पटत नाही. आधी तो सुजेमुळे वाढला की नैराश्यामुळे, ते बघा.

हा स्कोअर चार गोष्टींवरून काढतात: २८ सांध्यांपैकी दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), आणि ‘एकंदर कसं वाटतंय’ याला पेशंटनं ० ते १०० मध्ये दिलेलं उत्तर. पहिली आणि शेवटची गोष्ट नैराश्यात बऱ्याचदा वर जाते. त्यात सूत्रात दुखऱ्या सांध्यांचा गुणक ०.५६, सुजलेल्यांचा त्याच्या निम्मा.

ईएसआर २०, सुजलेला सांधा एक, दुखरा एक, उत्तर २० असेल तर स्कोअर येतो ३.२. सूज आणि ईएसआर तेच ठेवून दुखरे सांधे ९ आणि उत्तर ७० धरा: ५.०! ५.१ च्या वर आजार तीव्र मानतात.

म्हणून दुखणं खोटं असतं असं अजिबात नाही. झोप मोडली, मन खचलं की तेवढीच कळ जास्त लागते. आणि आयएल-६, टीएनएफ ही दाह वाढवणारी रसायनं मूडवरही परिणाम करतात. म्हणजे हे दोन्हीकडून चालतं. (फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखण्याचा आजार, किंवा सांध्यांची जुनी झीज असली तरी असाच फरक दिसतो, तेही तपासावं.) त्यातच व्यायाम सुटतो, आठवड्याची मेथोट्रेक्सेट (आरएचं औषध) राहून जाते, आणि मग खरोखरची सूज येते. शर्टाची बटणं लावायलाही दुसरं कुणी लागतं.

नैराश्य तपासायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आहे: ९ प्रश्न, मागचे दोन आठवडे, एकूण गुण २७, १० पासून पुढे सविस्तर तपासणी. पण थकवा, झोप, भूक हे प्रश्न आरएमुळेही गुण वाढवतात. २०१३ च्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या अभ्यासात) या प्रश्नावलीनुसार सुमारे ३९ टक्के पेशंटना नैराश्य निघालं, मुलाखत घेऊन निदान केलं तर सुमारे १७ टक्के. मी तरी पहिले दोन प्रश्न आधी बघेन: कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त गुण असतील तर ‘संधिवात आहे, असं होणारच’ म्हणून सोडू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी बोला.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्या. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामकांसोबत एसएसआरआय (नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक गट) घेतल्यास पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, तेव्हा पोटासाठी वेगळी गोळी लागेल का ते विचारा. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू असेल तर ते आवर्जून सांगा. एसएसआरआयबरोबर त्याचं जमत नाही.