एकच महापूर आणि सगळी जेलीफिश?

भाचीला शाळेत जीवाश्मांवर प्रकल्प करायचाय. तिने मला ‘संदर्भ’ म्हणून एक फॉरवर्ड पाठवला. त्यातलं म्हणणं असं: जेलीफिश म्हणजे नुसतं पाणी, तिचा जीवाश्म होऊच शकत नाही. तरी सापडतो, म्हणजे सगळे जीव एकाच महापुरात एका दिवसात गाडले गेले. कॅम्ब्रियन काळाच्या (साधारण ५४ ते ४९ कोटी वर्षांपूर्वीच्या) आधीचं काही सापडत नाही, म्हणजे तेव्हा काही नव्हतंच. आणि शास्त्रज्ञ तर सारखी मतं बदलतात!

पहिला मुद्दा दोन ओळींत संपतो. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध खडकातल्या १८२ नमुन्यांवरून २०२३ मध्ये ‘बर्जेसोमेड्युसा’ या जेलीफिशचं वर्णन प्रसिद्ध झालं. वय ५० कोटी वर्षांहून जास्त, आणि शुंडकं शाबूत.

आता महापूर. मऊ अंग कुजण्याआधी पटकन गाडलं जावं लागतं, एवढं खरं, नाइलाजाने मान्य. पण त्याला चिखलाचा एक लोट किंवा वाळूचा एक थर पुरतो, अख्खी पृथ्वी बुडवावी लागत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका खाणीत कॅम्ब्रियन काळातली जेलीफिश वालुकाश्मात सापडली, काही तर अर्ध्या मीटरहून मोठी. हॅगडॉर्न, डॉट आणि डॅमरो यांनी २००२ मध्ये ‘जिऑलॉजी’ नियतकालिकात त्यांचं वर्णन केलं. ती किनाऱ्यावर वाहून येऊन अडकलेली आहेत, भोवती लाटांनी उमटवलेल्या तरंगखुणा आहेत, आणि हे एकावर एक अशा अनेक थरांत पुन्हा पुन्हा घडलंय. म्हणजे या महापुराने दर थोड्या वेळाने ओसरायचं, वाळूवर नाजूक नक्षी काढायची, जेलीफिश मांडायची आणि परत चढायचं? तेही एका दिवसात! ती टिकली याचं कारण साधं आहे: त्या काळच्या किनाऱ्यावर मेलेलं खाणारे आणि वाळू उकरणारे प्राणी जवळजवळ नव्हते. आज तिथे काही उरलं नसतं.

‘सापडत नाही म्हणजे नव्हतं’ हेही तसंच. आजच्या समुद्रांत चपटे कृमी उदंड आहेत, पण त्यांचे जीवाश्म अगदी मोजके. शिवाय कॅम्ब्रियनच्या आधीचं सापडतं की! ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांत भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांना १९४६ मध्येच ठसे मिळाले. त्यांना ते जेलीफिशचे वाटले; त्यातल्या बऱ्याच चकत्या पुढे समुद्रतळाला चिकटून राहणाऱ्या जीवांचे बुडखे ठरल्या.

मतं बदलतात ती अशी. अमेरिकेतल्या इलिनॉयमधला एसेक्सेला हा जीवाश्म अनेक वर्षं जेलीफिश म्हणून ओळखला जायचा. संशोधकांनी नमुने पुन्हा तपासले, तेव्हा आपण तो उलटा धरत होतो असं निघालं. २०२३ पासून तो सी ॲनिमोन (तळाला चिकटून राहणारा, जेलीफिशचा नातेवाईक) आहे. फॉरवर्ड मात्र शुद्धलेखनाच्या चुकांसकट जसाच्या तसा फिरतोय.