चुना 7 पर्यंत का न्यायचा नाही

नमस्कार. ‘गुळासाठी उसाच्या रसात चुना घालताना पीएच (आंबटपणाचं माप) 6.4 ला थांबवा म्हणता; उदासीन तर 7 ला होतं. अर्धवट चुन्यानं रस आंबटच राहणार. आणि चुन्याला क्षार काय म्हणता?’ अशी तुमची हरकत.

शब्दाची चूक कबूल. मराठी पुस्तकात बेस म्हणजे आम्लारी आणि क्षार म्हणजे सॉल्ट. कन्नड पुस्तकात सॉल्टला लवण म्हणतात, आणि पाण्यात विरघळणारी आम्लारी ती क्षार. निपाणी-चिकोडीकडे थोरला मराठी शाळेत, धाकटी कन्नड शाळेत, मग घोळ व्हायचाच. आधीच्या मजकुरात दुरुस्ती केली आहे.

7 चं मात्र पटत नाही. मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक) आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही तीव्र, म्हणून ते बरोबर फिटले की 7 येतो. उसाच्या रसातली आम्लं सौम्य. ती चुन्यानं पुरती फेडायची तर काटा 7 च्या वर जातो. आणि ‘अर्धवट’ कसं? पीएच 5.4 वरून 6.4 झाला की आंबटपणा देणारे हायड्रोजन आयन दहातला एकच भाग उरतात.

रस तसाच उकळला तर आम्लानं साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. ढेप घट्ट बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. उलट चुना जास्त झाला तर तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज तापत्या काहिलीत मोडतं नि गूळ काळा पडतो. मग कितीही मळी काढा, रंग परत येत नाही.

हळदीवर मोजू नका. ती लाल होईतो 7 मागं पडलेला असतो. 5 ते 8 च्या पट्ट्यातला पीएच कागद घ्या, रस निववून बुडवा.

मात्रा अशी काढा: 5 ग्रॅम कोरडा विरलेला चुना पाण्यात कालवून 100 मिली करा. एक लिटर रसात ढवळलेलं हे दूध एकेक मिली घाला, दरवेळी कागद बघा. समजा 4 मिलीला 6.4 आला, तर चुना 0.2 ग्रॅम, 500 लिटरच्या काहिलीला 100 ग्रॅम. दुधाऐवजी निवळी (चुन्याचं वरचं नितळ पाणी) का नको, तेही इथंच कळतं: लिटरभर निवळीत जेमतेम 1.7 ग्रॅम चुना विरघळतो, म्हणजे 100 ग्रॅमसाठी जवळजवळ 60 लिटर पाणी ओता आणि पुन्हा तेच आटवायला चुलाणात चिपाड घालत बसा.

पानाच्या डबीतला चुना ओला असतो, त्याचं वजन या हिशेबात धरू नका.