तीन लिटर

डाएटिशियनबाईंनी माझं वजन बघितलं, मग चेहरा बघितला आणि विचारलं, "पाणी किती पिता?"

"तहान लागेल तेवढं."

त्यांनी असा सुस्कारा सोडला की मला अपराधी वाटलं. पंधराशे रुपयांच्या त्या कागदावर पहिलीच ओळ होती : रोज तीन लिटर पाणी. भात बंद नाही, चहा बंद नाही. म्हटलं, स्वस्तात सुटले.

लगोलग दोन लिटरची बाटली आणली. तिच्यावर तासातासाच्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशी शाबासकी. सकाळी सातला 'गुड स्टार्ट', अकराला 'कीप गोइंग'. ह्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "सलाइनच्या बाटलीला पण अशाच रेघा असतात," म्हणाले.

सासूबाईंचे वडील वैद्य. "किती प्यायचं ते राहू दे, कधी प्यायचं ते बघ," त्या म्हणाल्या. "जेवणाआधी पिणारा वाळतो, मध्ये पिणारा आहे तसा राहतो, जेवून पिणारा फुगतो. वाग्भटांनी लिहून ठेवलंय." आणि मी तर जन्मभर शेवटचा भात झाला की तांब्या रिकामा करूनच उठणारी! हे लग्नाच्या वेळीच सांगितलं असतं तर?

चिरंजीव अकरावी सायन्सला. "आई, थंड पाणी गरम करायला शरीराला ऊर्जा लागते. माठातलं अर्धा लिटर बावीस अंशांवरून सदतीसवर न्यायचं म्हणजे साडेसात कॅलरी." मी हरखले. "म्हणजे तीन लिटरला पंचेचाळीस. साधारण दोन मारी बिस्किटं." मी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. "आणि तू सकाळी पितेस ते कोमट, त्याचं काहीच नाही. वर त्यात चमचाभर मध घालतेस, त्याच्या वीस वेगळ्या."

तिसऱ्या दिवशी पाऊण लिटर पिऊन काट्यावर उभी राहिले तर वजन पाऊण किलोने वाढलेलं. "एक लिटर म्हणजे एक किलो," आतून आवाज आला. ह्या मुलाला कॉमर्सला घालायला हवं होतं.

पण हे सगळं घरातलं. खरी परीक्षा फलाटावर.

लोकलला संडास नसतो, हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. अर्थ त्या मंगळवारी कळला. डोंबिवलीहून फास्ट पकडली तेव्हा पोटात 'गुड स्टार्ट' पूर्ण झालेला. दिव्यापर्यंत मी मजेत होते. मुंब्र्याला खिडकीतून खाडी दिसली आणि रोज प्रसन्न वाटणारं ते पाणी त्या दिवशी अगदी बघवेना. कळव्याच्या अलीकडे गाडी थांबली. सिग्नल. समोरची मटार सोलत होती. शेजारणीने बाटली उघडून घटाघटा आवाज करत पाणी प्यायला सुरुवात केली. मी रामरक्षा म्हणायला घेतली, पण 'शिरो मे राघवः पातु' पासून एकेक अवयव खाली उतरत जाणारं ते स्तोत्र. कंबरेशी येण्याआधी सोडून दिलं.

भरलेली बाटली घेऊन निघायचं आणि भरलेलीच परत आणायची, ही आम्हा लोकलवाल्या बायकांची परंपरागत विद्या. आईकडून पोळ्या शिकले, नोकरीतल्या थोरल्या मैत्रिणींकडून ही. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली तेव्हा त्या नावाला अख्खा लेडीज डबा तोंडाला पदर लावून हसला होता. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाचे पैसे, असा त्यांचा मुद्दा. ठाण्याला उतरून जिन्याकडे धावताना मी ते हसू मनोमन परत घेतलं.

संध्याकाळी ह्यांनी मोबाइलवर शोधून काढलं. १९४५ साली अमेरिकेतल्या अन्न-पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी पुरे असं लिहिलं होतं, आणि लगेच पुढे, त्यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं, असंही. म्हणजे माझी आमटी, ताक, कलिंगड हिशेबातच नाही! पण पंधराशे रुपये दिले होते. असं कसं सोडायचं?

तेव्हापासून ठाणे हा माझा थांबा. एक गाडी सोडायची, लेटमार्क घ्यायचा. तिथल्या मावशी आता ओळखतात. परवा पाचचं नाणं पुढे केलं तर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ताई, शुगर आहे का हो?"

"नाही हो. वजन उतरवायला पाणी पिते."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती दिवस झाले?"

"दीड महिना."

मावशींनी नाणं परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "राहू द्या आजचं."