विकरांचा साठा संपत नाही, आणि पोहे ‘मृत’ नसतात

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींत सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे. माणूस एन्झाइमांचा, म्हणजे विकरांचा, ठरावीक साठा घेऊन जन्मतो. ४८ अंश सेल्सिअसवर तापवलेल्या अन्नातली विकरे मरतात. असे ‘मृत’ अन्न पचवताना तो साठा खर्ची पडून आयुष्य घटते. म्हणून सकाळचे पोहे सोडून कच्चे मूग खावेत, असा त्याचा आशय आहे. रामबागेतल्या माझ्या मावशींनी त्यापायी पंधरा दिवस वरणभात सोडला आणि पोटफुगीने त्या हैराण झाल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

साठ्याची कल्पनाच मुळात चुकीची आहे, कारण विकर हे इंधन नसून उत्प्रेरक आहे. अभिक्रिया घडायला रेणूंना ऊर्जेचा एक चढ ओलांडावा लागतो. विकर रेणूला आपल्या खाचेत नेमक्या स्थितीत धरून तो चढ उतरवते आणि काम होताच जसेच्या तसे मोकळे होऊन पुढच्या रेणूकडे वळते. तांबड्या रक्तपेशींतल्या कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज या विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख कार्बन डायऑक्साइड रेणूंचे रूपांतर करू शकतो. विकरे कालांतराने झिजतात हे खरे. पण पेशी ती मोडून, जनुकांतल्या सूचनांनुसार, अमिनो आम्लांपासून नवी घडवत राहतात, आणि ती अमिनो आम्ले वरणातूनही मिळतात.

उष्णतेने विकरे निकामी होतात, हे विधान मात्र बरोबर आहे. १९२६ साली रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी यूरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे करून ते प्रथिन असल्याचे दाखवले. आणि प्रथिन असल्यामुळेच कच्च्या मुगातल्या बहुतेक विकरांचा जठरातही निभाव लागत नाही. तिथल्या तीव्र आम्लात त्यांची घडी उलगडते आणि पेप्सिन हे जठरातले विकर त्यांचे तुकडे करते. स्वादुपिंडाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या विकरांच्या कॅप्सूलांतले कण बहुधा आम्लरोधक आवरणाचे असतात, ते याच कारणासाठी. शिवाय मुगातली विकरे मुगाच्या अंकुरासाठी असतात. आपले अन्न पचवण्याचे काम आपली लाळ, जठर, स्वादुपिंड आणि आतडे करतात.

शिजवण्याने पचनावर भार पडतो, हे तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. कच्च्या डाळींत ट्रिप्सिन या आपल्या पाचक विकराला अडवणारे पदार्थ असतात, ते उष्णतेने बरेचसे नष्ट होतात. आणि पाण्यात शिजलेल्या स्टार्चचे कण फुगून सैल झाल्याने स्टार्च पचवणारे अमायलेज हे विकर त्यांच्यापर्यंत सहज पोहोचते. इंदूरच्या सराफा बाजारात मिळणारा भुट्ट्याचा शिजवलेला कीस कच्च्या मक्यापेक्षा पचायला सोपा असतो, तो यामुळेच. पोह्यांचे म्हणाल, तर धान भिजवून, भाजून मगच ते कांडले जातात.

कच्च्या कोशिंबिरीला माझा विरोध नाही. शिजवताना क जीवनसत्त्व बरेचसे जाते, त्यामुळे ती जेवणात असावीच, पण वरणभाताच्या जोडीला.