फोन अद्ययावत आहे!

चौदा महिन्यांपूर्वीचा सुरक्षा पॅच दाखवणारा फोन त्याच पडद्यावर ‘आपले उपकरण अद्ययावत आहे’ असे कोणत्या तोंडाने सांगतो? बरे, त्या शेवटच्या अपडेटने तरी काय दिले? न मागितलेली तीन ॲप्स, लॉकस्क्रीनवर जाहिराती आणि दुपारी दोनलाच मान टाकणारी बॅटरी!

शेवटी वैतागून बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्राम) उघडला आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत प्रणाली टाकली. फोन पाखरासारखा हलका झाला. फक्त त्यावरून फोन करता येईना. व्होल्टेसाठी, म्हणजे ४जीवरून कॉल करण्यासाठी, लागणारी आयएमएस या यंत्रणेची जुळणी कंपनीने मूळ सॉफ्टवेअरमध्येच कुलूपबंद ठेवलेली आणि माझ्या सिमला कॉलसाठी मागे सरकायला जुन्या २जी-३जीचा आधार नाही, त्यामुळे चित्रपट सुरळीत चालतात, पण आईचा कॉल लागत नाही. बँकेचे ॲप तर उघडा बूटलोडर दिसताच मला दरोडेखोर समजते. सिमवाले म्हणतात, दोष फोनचा. फोनवाले म्हणतात, सिम काढून पुन्हा घाला. किती वेळा घालायचे? ट्रे झिजेपर्यंत?

आणि हे काही माझ्या एकट्याचे नशीब नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झाले, तेव्हा खोक्यावर ठळक ‘५जी’ मिरवणारे कित्येक फोन अपडेटअभावी ४जीवरच बसून होते. आयफोनवाल्यांनाही आयओएस १६.२ या अपडेटसाठी डिसेंबरपर्यंत ताटकळावे लागले. म्हणजे अँटेना माझा, पैसे माझे आणि परवानगी या कंपन्यांची?

काल आईने व्हॉट्सॲपवर विचारले, “तुझा फोन बंद आहे का?”

बंद नाही गं आई, अद्ययावत आहे.