‘एक्सएमएल मेलं, ऑप्शनला टाका’ या मेसेजला उत्तर

एक्सएमएल आणि जेसन या दोन्ही, एका प्रोग्रामने दुसऱ्याला माहिती पाठवताना ती लिहायच्या पद्धती. एक्सएमएलमध्ये माहितीभोवती तिच्या नावाची खूण, म्हणजे टॅग, असते. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या यांच्याबद्दल एक मेसेज फिरतोय. लातूर, नांदेड, संभाजीनगर अशा तीन ठिकाणच्या लोकांनी तो मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "एक्सएमएल मेलं. आता ते कोणी वापरत नाही. जेसन लहान आणि वेगवान आहे. एक्सएमएलला जमतं ते सगळं जेसनला जमतं. शिवाय तो सुरक्षित आहे. कॉलेजात अजून एक्सएमएल शिकवतात म्हणजे अभ्यासक्रम वीस वर्षं मागे आहे. ते युनिट ऑप्शनला टाका."

मी लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडतींसाठी बिलिंगची सॉफ्टवेअरं लिहितो. जेसनशी माझं वैर नाही. मोबाईल ॲप आणि आपलाच सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याला मी दुसरं काही वापरतच नाही. पण हा मेसेज वाचून आमच्या भागातली लेकरं एक अख्खं युनिट सोडून देणार असतील, तर गप्प बसवत नाही.

"आता ते कोणी वापरत नाही." इथूनच सुरुवात करू. चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करून तुम्ही दहा रुपये देता, तेव्हा बँक आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जे निरोप जातात-येतात ते एक्सएमएलमध्ये असतात आणि प्रत्येकावर डिजिटल सही असते. यूपीआय २०१६ साली सुरू झालं, म्हणजे जेसन चांगला रुळल्यानंतर. तरीही ते बांधणाऱ्यांनी एक्सएमएल निवडलं. रिझर्व्ह बँकेची ऑक्टोबर २०१३ पासूनची आरटीजीएस व्यवस्था आयएसओ २००२२ या मानकावर चालते, आणि त्या मानकाचे निरोप एक्सएमएलमध्ये लिहिले जातात. देशोदेशींच्या बँकांना जोडणाऱ्या स्विफ्टने मार्च २०२३ पासून पैसे पाठवण्याचे निरोप जुन्या साच्यातून याच मानकाकडे न्यायला घेतले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या साच्याची मुदत संपवली. म्हणजे मेसेज ज्याला मेलेलं म्हणतो, त्या एक्सएमएलमध्ये जगभरच्या बँका आत्ता आत्तापर्यंत येत होत्या.

आता आपल्या यार्डात या. सोयाबीनचा सौदा झाला, काटा झाला, की शेतकऱ्याची पट्टी आमच्या वेब ॲपवर तयार होते. संध्याकाळी दिवसभराच्या पट्ट्या मुनीमजींच्या टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाव्या लागतात. टॅली त्याच कॉम्प्युटरवर एका पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या ठरलेल्या क्रमांकावर, कान लावून बसलेली असते, मूळ सेटिंगमध्ये तो ९००० असतो. तिथे एक्सएमएलचं पाकीट पाठवलं की व्हाउचर पडतं. दिवाळीनंतरच्या ऐन आवकेत आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका पोराने हे पाकीट शब्दाला शब्द जोडून तयार केलं होतं. एका खरेदीदाराच्या फर्मच्या नावात ‘&’ हे चिन्ह होतं. एक्सएमएलमध्ये ते उघडं लिहिता येत नाही, त्याच्यासाठी ठरलेली संज्ञा लिहावी लागते. त्या एका चिन्हापायी दिवसभराच्या पट्ट्यांचं पाकीटच्या पाकीट परत आलं आणि मुनीमजी रात्री अकरापर्यंत आडतीवर बसून राहिले. आम्ही फाईल पार्सरमधून, म्हणजे ती वाचून तपासणाऱ्या प्रोग्राममधून, काढली तेव्हा त्याने नेमकी ओळ दाखवली, दोन मिनिटांत दुरुस्ती झाली. पोरगं हुशार आहे. त्याने हे युनिट खरोखरच ऑप्शनला टाकलं होतं.

आणखी एक वापर आहे, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अवकाळीचं आभाळ भरून आलं की मराठवाड्यात शिवारात वीज पडून माणसं जातात, जनावरं जातात. मोबाईलवर जो सरकारी इशारा येतो, त्याच्या मागे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी संस्थेने उभारलेली ‘सचेत’ ही व्यवस्था आहे. ती कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलवर, म्हणजे ‘कॅप’वर चालते, आणि कॅपचा इशारा म्हणजे एक एक्सएमएल कागद. त्यात इशारा प्रत्यक्षातला आहे, सरावाचा आहे की चाचणीचा, हे ठरलेल्या शब्दांतूनच सांगावं लागतं. भलता शब्द घातला तर स्कीमाच, म्हणजे कागद कसा असावा याची नियमावलीच, तो कागद नाकारते. एकाच इशाऱ्यात प्रत्येक भाषेसाठी वेगळा माहितीचा भाग ठेवता येतो, कुठल्या भागाला धोका आहे त्याची सीमा अक्षांश-रेखांशांनी आखता येते, आणि तो कधीपर्यंत लागू आहे तेही लिहिता येतं. एकाने लिहिलेला कागद मोबाईल कंपनी, टीव्ही, रेडिओ असे सगळे वाचतात आणि सगळ्यांना तो सारखाच कळतो. ‘मेलेल्या’ गोष्टीकडून एवढं काम होत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याचा समज कुठून झाला असेल, तेही सांगायला हवं. प्राप्तिकर विवरणपत्राची ऑफलाइन फाईल आधी एक्सएमएल असायची, कर निर्धारण वर्ष २०२१-२२ पासून ती जेसन झाली. जीएसटीची विवरणपत्रं २०१७ पासून जेसनमध्येच आहेत, ई-वे बिलही तसंच. करसल्लागाराच्या ऑफिसात काम करणाऱ्याला एक्सएमएल डोळ्यांदेखत गेलेलं दिसलं, हे खरं आहे. पण एक दालन रिकामं झालं म्हणून वाडा पडला असं होत नाही.

"जेसन लहान आणि वेगवान आहे." लहान आहे, बहुतेक वेळा. एक्सएमएलमध्ये टॅगचं नाव उघडताना एकदा आणि बंद करताना पुन्हा लिहावं लागतं, ते वजन खरंच आहे. पण वेबवर मजकूर पाठवताना तो बहुधा जीझिप या पद्धतीने दाबून, म्हणजे कॉम्प्रेस होऊन, जातो, आणि पुन्हा पुन्हा येणारी नावं दाबण्यात जीझिप वाकबगार आहे. त्यामुळे तारेवरचा फरक फाईलमधल्या फरकाइतका उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी याची दुसरी बाजूही मोजून पाहावी. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘लातूर’ या शब्दात काना आणि ऊकार धरून ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. पीएचपी आणि पायथन यांची जेसन लिहिण्याची नेहमीची फंक्शनं मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक देवनागरी चिन्ह उलटी तिरपी रेघ, एक अक्षर आणि चार आकडे असं लिहितात. म्हणजे चिन्हाला ६ बाइट. तोच ‘लातूर’ ३० बाइटचा होतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका, मालाचं नाव असं सगळं मराठीत असलेल्या पट्टीत ‘लहान’ जेसन बघता बघता फुगतो. एक पर्याय चालू केला की हे थांबतं, पण तो आपल्या गावच्या किती ॲपांत चालू असतो? वेगाचंही तसंच. आडतीच्या दोन-चारशे पट्ट्यांच्या देवाणघेवाणीत वेळ जातो तो डेटाबेसमध्ये आणि नेटच्या रेंजमध्ये.

"एक्सएमएलला जमतं ते सगळं जेसनला जमतं." हे सगळ्यांत मोठं विधान आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आमच्या ॲपवर काट्यावरून मोबाईलने वजन भरलं जायचं, मराठी कीबोर्डवरून. एकदा असा डेटा आला:

<वजन एकक="क्विंटल">१८.४०</वजन>

टॅगचं नाव देवनागरीत आहे हा दोष नाही, एक्सएमएलला ते चालतं. दोष आकड्यांत आहे. एक्सएमएल स्कीमाचा दशांश प्रकार फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. त्यामुळे हा कागद स्कीमाच्या दारातच अडला आणि आम्हाला चूक हिशोबात शिरायच्या आधी कळली. जेसनमध्ये हे होत नाही असं मी म्हणणार नाही. उघडी संख्या म्हणून असे आकडे लिहिले तर जेसनचा पार्सरही नाकारतो. पण व्यवहारात माणसं ती संख्या अवतरण चिन्हांत टाकून मोकळी होतात आणि संख्या मजकूर म्हणून आत जाते. जेसनसाठीही वेगळा स्कीमा आहे, पण तो आजही मसुद्यांच्या रूपात वाढतोय. त्याची २०२०-१२ ही आवृत्ती लोक वापरतात. एक्सएमएल स्कीमा मे २००१ मध्येच वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची शिफारस झाला आणि जावा, डॉटनेटमध्ये तो तपासायची सोय आयती मिळते. जेसनमध्ये तारखेला स्वतःचा प्रकार नाही. मोठ्या संख्यांचंही बघा: जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकाची खात्री राहत नाही. सोळा आकडी खाते क्रमांक कुणी संख्या म्हणून पाठवला तर शेवटचा आकडा गुपचूप बदलू शकतो.

सहीचं तर वेगळंच. एक्सएमएल सहीचं मानक २००२ चं आहे आणि सही त्याच कागदाच्या पोटात ठेवता येते. मजकूर उघडा, वाचता येईल असा राहतो आणि खाली सही. जेसनच्या जगात सहीसाठी मे २०१५ मध्ये स्वतंत्र मानक आलं. त्याच्या नेहमीच्या रूपात मजकूर आधी बेस-६४ मध्ये, म्हणजे नुसता पाहून वाचता न येणाऱ्या अक्षरांत, बांधला जातो. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये तेच चालतं आणि उत्तम चालतं. दोन्ही वाटा आहेत, पण एकीला जमतं ते दुसरीला जसंच्या तसं जमतं असं नाही.

परिच्छेदाच्या मधल्या दोन शब्दांवर खूण करायची असेल, जसं कायद्याच्या मसुद्यात किंवा पुस्तकात लागतं, तिथे जेसन अडखळतो. एक्सएमएलचा जन्मच त्या घरातला, ते १९८६ च्या एसजीएमएल या मजकुरावर खुणा करायच्या मानकातून उतरलं.

"शिवाय तो सुरक्षित आहे." एक्सएमएलची दुखणी खरी आहेत आणि ती पोरांना शिकवलीच पाहिजेत. बाहेरच्या फाईलीचा उल्लेख कागदात घालून सर्व्हरवरच्या फायली वाचून घेता येतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०१७ च्या दहा मोठ्या धोक्यांत हा चौथा होता. एकात एक दहापट फुगणाऱ्या संज्ञा लिहून अगदी छोट्या फाईलने सर्व्हरची मेमरी संपवता येते. दोन्हींचं मूळ कागदातल्या डीटीडीत, म्हणजे कागदाची रचना आणि संज्ञा सांगणाऱ्या सुरुवातीच्या भागात, आहे, म्हणून पार्सरला डीटीडी नाकारायला सांगायचं. एक्सएमएल निरोपांच्या सोप १.२ या मानकाने तर निरोपात डीटीडी ठेवायलाच मनाई केली आहे.

पण जेसन आपोआप सुरक्षित होत नाही. एकाच ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे एकाच महिरपी कंसात, एक नाव दोनदा आलं तर काय करायचं, हे जेसनचं मानक ठामपणे सांगत नाही. २०१७ मध्ये काउचडीबी या डेटाबेसमध्ये यातूनच मोठं भगदाड सापडलं: आतल्या दोन पार्सरांपैकी एकाने त्या नावासमोरची पहिली व्हॅल्यू धरली, दुसऱ्याने शेवटची, आणि साध्या वापरकर्त्याला ॲडमिनचे अधिकार मिळवता येत होते. एक्सएमएलमध्ये एका टॅगवर एकच गुणधर्म (जसं वरच्या उदाहरणातलं ‘एकक’) दोनदा लिहिला तर पार्सर तिथेच थांबतो.

"अभ्यासक्रम वीस वर्षं मागे आहे." शिकवण्याच्या पद्धतीबद्दल माझीही तक्रार आहे. पाच मार्कांसाठी डीटीडीची व्याख्या पाठ होते आणि पोराने एकही खरी फाईल उघडलेली नसते. त्याला उपाय युनिट सोडणं हा नाही. एक एक्सेलची .xlsx फाईल घ्या, तिच्या नावाची शेपटी बदलून .zip अशी करा आणि उघडा. आत सगळं एक्सएमएल दिसेल. मग स्वतःची आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाईल घ्या, शेअर कोड घालून सोडवा आणि सही कुठे आहे ते शोधा. फाईलची एक प्रत काढून पत्त्यातलं एकच अक्षर बदला आणि दोन्ही प्रतींवरची सही यूआयडीएआयच्या प्रमाणपत्राने तपासून पाहा. मूळ प्रत पास होईल, बदललेली नाही. फक्त ती फाईल ग्रुपवर टाकू नका, तिच्यात तुमचा पत्ता आणि फोटो असतो. अडलात तर प्रोग्राम आणि चूक एवढंच पाठवा, रात्री आडतीचं काम आटोपलं की मी बघतो.